सुरक्षिततेच्या नावाने

कायद्यांची नावे वाचावीत. त्यांतून राज्यकर्त्यांची भाषा कळते. १९७१ साली संसदेने केलेल्या कायद्याचे नाव ‘अंतर्गत सुरक्षा कायदा’ असे होते. लोक त्याला ‘मिसा’ म्हणत, आणि आणीबाणीत हजारो राजकीय कार्यकर्ते त्याच कायद्याखाली विनाचौकशी तुरुंगात डांबले गेले. १९८० साली आला तो ‘राष्ट्रीय सुरक्षा कायदा’. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केले ते ‘विशेष जनसुरक्षा विधेयक’. स्थानबद्धता, बंदी, जप्ती हे शब्द कलमांत असतात. मथळ्यावर मात्र सुरक्षितता असते.

याला नुसता दांभिकपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे. तथापि ते पुरेसे नाही. सुरक्षितता हा शब्द राज्यकर्त्यांना उपयोगी पडतो तो लोकांना सुरक्षितता खरोखरच हवी असते म्हणून. दंगलीत ज्याचे दुकान जळाले, बॉम्बस्फोटात ज्याचा मुलगा गेला, गावगुंडाच्या भीतीने जिची मुलगी शाळेतून काढली गेली, त्याला वा तिला स्वातंत्र्याची महती सांगणाऱ्या अग्रलेखाचा काय उपयोग? ‘स्वातंत्र्य की सुरक्षितता’ या वादात स्वातंत्र्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवल्याखेरीज बोलू नये, असे आमचे मत आहे.

राजकारणाने हा वाद बहुधा घोषणांनी लढवला. त्याचा प्रामाणिक विचार गेली शंभर वर्षे केला तो साहित्याच्या एका शाखेने. टॉमस मोरने १५१६ साली ‘युटोपिया’ या नावाने एक आदर्श बेट कल्पिले. त्याच्या उलट जे, त्याला ‘डिस्टोपिया’ म्हणतात; मराठीत दुःस्वप्नलोक म्हणावे. गमतीची गोष्ट अशी की हा शब्द साहित्यसमीक्षेत रुळण्याच्या कितीतरी आधी, १८६८ साली, जॉन स्टुअर्ट मिलने ब्रिटिश पार्लमेंटात आयर्लंडमधील जमिनीच्या प्रश्नावर बोलताना सरकारला उद्देशून वापरला होता. म्हणजे या कल्पनेचा राजकारणाशी संबंध फार जुना आहे.

या कादंबऱ्यांचा आपण वापर करतो तो मात्र शिवी देण्यासाठी. प्रतिपक्षाचे सरकार आले की ‘बिग ब्रदर’ आठवतो, स्वपक्षाचे आले की विसरतो. आमच्या मते या कादंबऱ्यांचे खरे मोल त्यांनी दिलेल्या इशाऱ्यात नाही. इशारा तर कोणीही देऊ शकतो. त्यांतील उत्तम कादंबऱ्या वाचकाला अस्वस्थ करतात त्या दोन कारणांनी: त्यांतील सत्ताधाऱ्याचा युक्तिवाद मूर्खपणाचा नसतो, आणि त्यांतील बंडखोराचे हात स्वच्छ नसतात.

सत्ताधाऱ्याची बाजू

या सत्ताधाऱ्याचा मूळपुरुष दस्तयेव्हस्कीच्या ‘करमाझव बंधू’ या १८८० साली पूर्ण झालेल्या कादंबरीत सापडतो. त्यातील धर्मन्यायाधीश परत आलेल्या ख्रिस्तालाच कैद करून सुनावतो की, तू माणसाला स्वातंत्र्य दिलेस आणि त्या ओझ्याखाली तो पिचला. आम्ही त्याला भाकर दिली, चमत्कार दिला, सत्ता दिली, आणि तो सुखी झाला. पुढे रशियातच येवगेनी झाम्यातिन या जहाजबांधणीच्या अभियंत्याने १९२०-२१ साली ‘आम्ही’ ही कादंबरी लिहिली. हा लेखक क्रांतीचा शत्रू नव्हता. १९०५ च्या उठावात तो बोल्शेव्हिकांबरोबर होता आणि झारच्या तुरुंगात जाऊन आला होता. त्याच्या ‘एकराज्या’त माणसांना नावे नाहीत, आकडे आहेत, घरे काचेची आहेत, दिवसाचा तास न् तास वेळापत्रकाने बांधलेला आहे. पण हे सारे कशासाठी? दोनशे वर्षांच्या युद्धाने आणि उपासमारीने पृथ्वीवरील माणूस जवळजवळ संपत आला होता, म्हणून. तेथील ‘हितकर्ता’ शेवटी नायकाला जे सांगतो त्याचा सारांश एवढाच की, माणसे पाळण्यापासून एकच प्रार्थना करीत आली आहेत: सुख म्हणजे काय ते कोणीतरी एकदाचे सांगावे आणि त्या सुखाला आपल्याला साखळीने बांधून टाकावे. ही कादंबरी १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीत छापली गेली. लेखकाच्या स्वतःच्या देशात ती प्रसिद्ध व्हायला १९८८ साल उजाडले. तोवर झाम्यातिनला पॅरिसमध्ये मरून अर्धे शतक लोटले होते.

आल्डस हक्स्लीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मधील (१९३२) नियंता मुस्तफा माँड याच कुळातला, पण अधिक सुसंस्कृत. तो शेक्सपिअर वाचलेला आहे, स्वतः एकेकाळी बुद्धिमान पदार्थवैज्ञानिक होता, आणि सत्य व स्थैर्य यांतून आपण स्थैर्य का निवडले हे त्याला नीट सांगता येते. सभोवार जंतुबॉम्ब फुटत असताना सत्य आणि सौंदर्य यांना काय किंमत, असे तो विचारतो. नऊ वर्षांच्या महायुद्धानंतर लोकांनी आपण होऊन नियंत्रण स्वीकारले. या राज्यात कोणी उपाशी नाही, एकटा नाही, दुःखी नाही. दुःख झालेच तर ‘सोमा’ची गोळी आहे. ते नाव लेखकाने आपल्याच वेदांतून उचललेले आहे.

मराठी वाचकाला या कादंबरीतील एक प्रसंग विशेष ओळखीचा वाटावा. तेथे माणसे पाच प्रतींत जन्माला घातली जातात आणि झोपेत मुलांच्या कानांत धडे घोळवले जातात. दुसऱ्या प्रतीच्या मुलांना शिकवले जाते की, पहिल्या प्रतीच्यांना फार कष्ट पडतात म्हणून आपण तसे नाही हे बरे, आणि तिसऱ्या प्रतीचे बिचारे मूर्ख असतात म्हणून आपण तसे नाही हेही बरे. वरच्याचा हेवा नाही, खालच्याची मात्र तुच्छता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले आणि तिच्या टिकाऊपणाचे कारण हेच सांगितले की, प्रत्येकाला पायाखाली कोणीतरी मिळते. हक्स्लीला जे भविष्यातील प्रयोगशाळेत घडवावे लागले ते आम्ही प्रयोगशाळेवाचून कित्येक शतके करून दाखवले आहे. आपापल्या जागी समाधानाने राहणारा समाज ‘सुरक्षित’ असतो असे ज्यांना वाटते त्यांनी तो समाज कोणाच्या मानेवर उभा असतो हे पाहावे.

परंतु हक्स्लीने माँडच्या विरुद्ध जो उभा केला तो ‘रानटी’ जॉन तरी आदर्श आहे काय? तो दुःखी होण्याचा हक्क मागतो, हे खरे. पण तो स्वतःला चाबकाने फोडतो, ज्या तरुणीवर त्याचे प्रेम आहे तिच्यावरही चाबूक चालवतो, आणि अखेरीस गळफास घेतो. पुस्तकातून शिकलेले स्वातंत्र्य त्याला कोणाबरोबर वाटून घेता आले नाही. १९४६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत हक्स्लीने कबूल केले की, आपण नायकापुढे दोनच वाटा ठेवल्या आणि दोन्ही वेडाच्या होत्या. पुन्हा लिहायचे झाले तर विकेंद्रित अर्थव्यवस्था आणि क्रपॉटकिनच्या धर्तीचे सहकारी समाजजीवन अशी तिसरी वाट ठेवीन. समाजवाद्यांनी लक्षात ठेवावी अशी ही कबुली आहे. ‘स्वातंत्र्य की सुरक्षितता’ असा दोनच पर्यायांचा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा तिसरा पर्याय लपवीत असतो.

बंडखोराची शपथ

जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ची (१९४९) ख्याती भिंतीवरच्या डोळ्यामुळे आणि कोठडी क्रमांक एकशे एकमुळे आहे. आमच्या मते त्या कादंबरीचा मर्मबिंदू दुसरीकडे आहे. विन्स्टन आणि ज्युलिया गुप्त क्रांतिसंघटनेत सामील होण्यासाठी ओब्रायनच्या घरी जातात. तेथे मद्याचे पेले आहेत, पायाखाली मऊ गालिचा आहे, आणि ओब्रायन शांतपणे एकेक प्रश्न विचारतो. प्राण द्याल? खून कराल? शेकडो निरपराध माणसे मरतील असा घातपात कराल? मुलांची मने नासवाल? कार्यासाठी उपयोगी पडणार असेल तर एखाद्या बालकाच्या तोंडावर तीव्र आम्ल फेकाल? प्रत्येक प्रश्नाला विन्स्टन होय म्हणतो. नकार येतो तो फक्त एकाच प्रश्नाला: तुम्ही दोघे एकमेकांना कायमचे सोडाल काय?

पुढे छळाच्या कोठडीत विन्स्टन आपण पक्षापेक्षा नैतिकदृष्ट्या श्रेष्ठ आहोत असे म्हणतो, तेव्हा ओब्रायन काही बोलत नाही. तो त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण लावतो, आणि विन्स्टनला आपल्याच आवाजातील ती होकारांची मालिका ऐकावी लागते. ओब्रायन अर्थातच खोटा होता आणि शपथ हा सापळा होता. पण होकार विन्स्टनचेच होते. हे पान वाचून ज्याला आपल्या चळवळीतील एखादी बैठक आठवली नाही, तो एक तर फार भाग्यवान किंवा फार विसराळू. उद्दिष्ट महान आहे असे एकदा ठरले की साधनांची चौकशी करणाऱ्याला आपण भाबडा म्हणतो. साधनशुचितेचा आग्रह धरणाऱ्या साने गुरुजींना व जयप्रकाशांनाही हे विशेषण लागलेच.

ऑर्वेल समाजवादाचा वैरी होता असे म्हणून त्याचे पुस्तक मिरवणारे पुष्कळ आहेत. त्यांना हे सांगितले पाहिजे की, मोतीहारीत जन्मलेला हा लेखक स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढताना गळ्यातून गोळी आरपार जाऊन वाचला, आणि त्यानंतर त्याला जीव मुठीत धरून पळावे लागले ते आपल्याच आघाडीतील लोकांच्या धरपकडीतून. १९३६ नंतरचे आपले सारे गंभीर लेखन एकाधिकारशाहीविरुद्ध व लोकशाही समाजवादासाठी आहे, हे त्याने स्वतः लिहून ठेवले. आपले शेवटचे पुस्तक ब्रिटनच्या मजूर पक्षावर किंवा समाजवादावर हल्ला नाही, असा खुलासाही त्याने पुस्तक निघताच केला.

हे सांगितल्यावर दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. नाहीतर आम्हीही सोयीचेच वाचतो असे होईल. १९४९ च्या वसंतात, म्हणजे हे पुस्तक बाहेर पडण्याच्या काही आठवडे आधी, क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या ऑर्वेलने ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या एका गुप्त प्रचारविभागाला अडतीस नावांची यादी पाठवली. सोव्हिएत राजवटीशी ज्यांचे छुपे सख्य आहे असा त्याचा समज होता अशा लेखक-पत्रकारांची ही नावे होती. त्यांच्यावर विसंबू नये, एवढा तिचा हेतू. ती यादी २००३ साली उजेडात आली. ती अटकेसाठी केलेली नव्हती, हे न्यायबुद्धीने म्हटले पाहिजे. सोव्हिएत हस्तकांचा धोका काल्पनिक नव्हता, हेही म्हटले पाहिजे. तरीही ज्या हाताने पाळत ठेवणाऱ्या राज्याचे जगातील सर्वांत भेदक चित्र रेखाटले त्याच हाताने सरकारच्या एका गुप्त विभागासाठी सहकाऱ्यांची नावे लिहिली, हे सत्य उरतेच. यावरून ऑर्वेल खोटा ठरत नाही. त्याची कादंबरी किती खरी आहे तेवढे सिद्ध होते. ‘आपल्या’ सरकारच्या ‘आपल्या’ सुरक्षिततेसाठी एवढे करायला काय हरकत आहे, हा विचार ऑर्वेललाही टाळता आला नाही, तर तुम्हा-आम्हाला तो सहज टाळता येईल असे कोणी समजू नये.

स्वातंत्र्यवाद्यांनाही आरसा दाखवणारी एक कादंबरी आहे: अँथनी बर्जेसची ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ (१९६२). तिचा पंधरा वर्षांचा नायक ॲलेक्स मारहाण, बलात्कार आणि खून करणारा आहे. त्याच्याविषयी सहानुभूती वाटण्याचे काही कारण लेखक ठेवीत नाही. सरकार त्याच्यावर वैद्यकीय प्रयोग करते आणि हिंसेच्या नुसत्या विचाराने त्याला ओकारी येईल अशी व्यवस्था करते. तुरुंगातील पाद्री विचारतो की, ज्याला वाईट निवडताच येत नाही तो चांगला कसा? प्रश्न बिनतोड आहे. पण सामान्य नागरिकाचे उत्तरही तयार आहे: माझ्या घरात तो घुसू नये, एवढे मला पुरे. बर्जेसची नजर एवढ्यावर थांबत नाही. मंत्र्याला हा प्रयोग का हवा? कारण लवकरच तुरुंगातील जागा राजकीय कैद्यांसाठी लागणार आहे! आणि ॲलेक्सच्या बाजूने उभा राहणारा, स्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिणारा लेखक काय करतो? सरकारला बदनाम करण्यासाठी या मुलाला आत्महत्येकडे ढकलतो. दोघांनाही ॲलेक्स माणूस म्हणून नको आहे; एकाला आकडा म्हणून हवा, दुसऱ्याला हुतात्मा म्हणून. विरोधी पक्षांच्या मोर्चात पीडितांना पुढे उभे करून छायाचित्रे काढून घेणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

आपल्या घरातील उदाहरण

असे प्रसंग कादंबऱ्यांतच घडतात असे ज्यांना वाटते त्यांनी १९७६ सालाकडे वळावे. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना न्यायालयात दाद मागता येते काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. सुनावणीत न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी महान्यायवादींना विचारले की, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर काय? आणीबाणी चालू आहे तोवर उपाय नाही, असे उत्तर आले. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे मान्य केले. खन्नांनी एकट्याने विरोधी निकाल लिहिला. पुढे त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला देण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला. तो बहुमताचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने अधिकृतपणे पुसला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या हक्काचा निवाडा देताना. मधे एकेचाळीस वर्षे गेली.

त्या काळात लोकांना सांगितले जाई की गाड्या वेळेवर धावत आहेत, संप थांबले आहेत, साठेबाज आत आहेत. यातले सगळेच खोटे नव्हते. म्हणूनच ते पटत असे. पवनारहून आलेल्या ‘अनुशासनपर्व’ या शब्दाचा सरकारने मनसोक्त वापर केला. गरिबीशी लढण्याच्या नावाखाली १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक निर्बीजीकरण शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांत सक्तीचा भाग किती मोठा होता हे पुढे उघड झाले. पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या निर्बीजीकरणाचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. ते विधेयक मंजूर करणारे लोक दुष्ट नव्हते. आपण लोकांचे हित करीत आहोत असेच त्यांना वाटत होते. झाम्यातिनचा ‘हितकर्ता’ आणि आमचे सभागृह यांत त्या दिवशी फारसे अंतर उरले नव्हते.

त्याच आणीबाणीत १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, केंद्रीय मंत्री स्वागताध्यक्ष असताना, दुर्गा भागवत अध्यक्षपदावरून लेखकाच्या स्वातंत्र्यासाठी बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. त्याच वेळी देशातील एक मोठा डावा पक्ष आणीबाणीला पाठिंबा देत होता. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने १९७८ साली भटिंडा येथील अधिवेशनात ती चूक मान्य केली, ही त्याच्या प्रामाणिकपणाची गोष्ट. पण चूक झाली ती केवळ डावपेचाची नव्हती. ‘आधी भाकर, मग स्वातंत्र्य’ या विचारात तिचे मूळ होते. आणि तो विचार समाजवादी चळवळीच्या सर्वच पंथांत अधूनमधून डोके वर काढत असतो. त्याचे उत्तर सोपे आहे, पण पुन्हा पुन्हा द्यावे लागते: ज्याचे तोंड बंद केले त्याला भाकर मिळाली की नाही हे कळणार कसे? रोझा लक्झेंबुर्गने १९१८ साली तुरुंगातून रशियन क्रांतीचे स्वागत करीत असतानाच बजावले होते की, स्वातंत्र्य म्हणजे वेगळा विचार करणाऱ्याचे स्वातंत्र्य. आणि डॉ. लोहियांनी आपल्या सप्तक्रांतीत विषमतेविरुद्धच्या लढ्यांबरोबरच माणसाच्या खासगी जीवनातील अन्याय्य हस्तक्षेपाविरुद्धच्या लढ्यालाही स्वतंत्र स्थान दिले होते.

डाव्यांच्या स्वप्नाची परीक्षा घेणारी सर्वांत प्रेमळ आणि म्हणूनच सर्वांत कठोर कादंबरी अर्सुला ल ग्विन यांची आहे: ‘द डिस्पझेस्ड’ (१९७४). तिचे उपशीर्षकच ‘एक संदिग्ध आदर्शलोक’ असे आहे. तिच्यातील अनारेस या ओसाड ग्रहावर खासगी मालमत्ता नाही, सरकार नाही, तुरुंग नाही. दुष्काळ पडला की सर्वांचे ताट सारखेच रिकामे होते. तरीही तेथे एका खोडकर नाटककाराला जनमताच्या दडपणाने वेडे व्हावे लागते, आणि वैज्ञानिक शेव्हेकला आपले संशोधन छापण्यासाठी एका मत्सरी वरिष्ठाचे नाव जोडून घ्यावे लागते. पोलीस नसलेल्या समाजातही शेजाऱ्याची वाकडी भुवई पोलिसाचे काम करू शकते. शेव्हेक शेजारच्या श्रीमंत भांडवलशाही ग्रहावर जातो, तेथील वैभवाखालची गुलामी पाहतो, संपकऱ्यांवर आकाशातून झालेला गोळीबार पाहतो, आणि परत येतो. आपले घर सदोष आहे हे जाणून, ते दुरुस्त करण्यासाठी परत येतो. स्वप्न टाकून देणे आणि स्वप्नाची पूजा करणे या दोन्हींहून ही गोष्ट अवघड आहे.

कोणाची सुरक्षितता?

आता त्या पहिल्या माणसाकडे परत येऊ, ज्याचे दुकान जळाले आणि जिची मुलगी शाळेतून काढली गेली. त्यांना काय सांगायचे?

मार्गारेट ॲटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) मध्ये स्त्रियांना गुलाम करणारी राजवट त्यांना समजावते की, स्वातंत्र्य दोन प्रकारचे असते. पूर्वी तुम्हाला हवे ते करण्याचे होते, आता आम्ही तुम्हाला भयापासून मुक्ती दिली आहे. हा युक्तिवाद झोंबतो, कारण पूर्वीच्या त्या मोकळ्या समाजात स्त्रिया खरोखरच भीत होत्या. ‘रात्री बाहेर पडू नका’ हा सल्ला देणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांचा युक्तिवाद याच जातीचा आहे. ज्याच्यापासून धोका आहे त्याला मोकळे ठेवायचे, जिला धोका आहे तिला कोंडायचे, आणि त्याला संरक्षण म्हणायचे.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर दलित सत्याग्रहींवर काठ्या पडल्या. पाणी पिण्याचे स्वातंत्र्य कागदावर होतेच. नगरपालिकेने तसा ठराव केलेला होता. नव्हती ती सुरक्षितता. त्या दिवशी स्वातंत्र्य आणि सुरक्षितता हे तराजूचे दोन पारडे नव्हते. एकावाचून दुसऱ्याला अर्थ नव्हता. दलिताला, स्त्रीला, अल्पसंख्याकाला, असंघटित मजुराला सुरक्षितता हवी असते ती आपले स्वातंत्र्य वापरता यावे म्हणून. सत्तेला सुरक्षितता हवी असते ती बहुधा याच लोकांच्या स्वातंत्र्यापासून. शब्द एकच, अर्थ उलटे. सगळी फसवणूक या एका शब्दाच्या दोन अर्थांत दडलेली आहे.

म्हणून सुरक्षिततेच्या नावाने जेव्हा जेव्हा काही मागितले जाईल तेव्हा आपण काही साधे प्रश्न विचारावेत. ही सुरक्षितता कोणासाठी, आणि तिची किंमत कोण मोजणार? मागणारा स्वतः ती किंमत मोजणार आहे काय? दिलेला अधिकार कोणत्या तारखेला परत येणार? तो चुकीने वापरला गेला तर कोणापुढे दाद मागायची, आणि तो न्याय करणारा मागणाऱ्याचाच नोकर तर नाही? १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जगण्याचा हक्क स्थगित करता येणार नाही असे ठरवले. हे शहाणपण आम्ही एकवीस महिन्यांच्या अंधाराची किंमत देऊन विकत घेतले. ते फुकट घालवू नये.

आणि हे प्रश्न केवळ सरकारला विचारून भागणार नाही. आपल्या पक्षाला, आपल्या युनियनला, आपल्या संस्थेलाही ते विचारले पाहिजेत. शिस्तीच्या नावाने जिथे प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवले जाते तिथे ओब्रायनच्या दिवाणखान्याचे दार किलकिले झालेले असते.

ऑर्वेलची कादंबरी ८ जून १९४९ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला दिल्लीत घटनासमितीपुढे बोलताना डॉ. आंबेडकरांनी मिलचाच हवाला देऊन बजावले की, कितीही थोर पुरुष असला तरी आपली स्वातंत्र्ये त्याच्या पायावर वाहू नका. धर्मातली भक्ती मुक्ती देत असेल, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. आणि त्याच भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता व बंधुता यांची फारकत करता येत नाही असेही सांगितले. समतेवाचून स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांची सत्ता. स्वातंत्र्यावाचून समता माणसातील उमेद मारते. आणि बंधुता नसेल तर दोन्ही टिकवायला पोलीस लागतो. हक्स्लीने उशिरा सुचलेली म्हणून जी तिसरी वाट सांगितली, ती आमच्या घटनेच्या उद्देशिकेत लिहिलेलीच आहे. भीती जिथे कमी, तिथे पहारेकरीही कमी लागतात. आणि भीती कमी होते ती शेजारी शेजाऱ्याच्या बाजूने उभा राहतो म्हणून.

ओब्रायन पुन्हा विचारायला येईल. त्याच्या अंगावर दर वेळी सरकारी गणवेशच असेल असे नाही. कधी खादी असेल, कधी आपल्याच झेंड्याचा रंग असेल. त्या बालकाच्या तोंडावर आम्ल फेकाल काय, या प्रश्नाला तेव्हा एकच उत्तर असू शकते, आणि ते कार्याचे नाव ऐकण्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे.